तळ्याकाठची लाल शाल

१

मंगळवारी सकाळी म्युझियमच्या रखवालदाराने, रामदीनने, वरच्या दालनातले पडदे बाजूला केले, तेव्हा चित्रातली बाई निघून गेलेली होती.

तळं जागेवर होतं. त्यामागचे निळे डोंगर, डोंगरांवर रेंगाळलेलं केशरी ऊन, पाण्यात उलटी उभी असलेली देवदारांची रांग, सगळं जसंच्या तसं. फक्त काठावर लाल शाल पांघरून उभी असायची ती बोटभर उंचीची बाई तिथे नव्हती. रामदीनला आधी वाटलं, धुक्यामुळे उजेड कमी आहे. त्याने चष्मा पुसला. मग खाली जाऊन संचालकबाईंना बोलावून आणलं.

ओस्टरवाल हे लायडन या डच शहराच्या उत्तरेला कालव्याकाठी वसलेलं छोटं गाव. एकोणिसाव्या शतकात इथल्या ट्युलिपच्या कंदांचा एक व्यापारी न्यूयॉर्कला जायचा आणि परतताना तिकडच्या निसर्गाची चित्रं घेऊन यायचा. जिथे नजर जाईल तिथे जमीन सपाट, अशा देशात त्याने घरभर डोंगर टांगले. पुढे ते घरच म्युझियम झालं. अमोस थॅचर नावाच्या अमेरिकन चित्रकाराचं ‘संध्याकाळचं तळं’ हे त्यातलं सगळ्यांचं लाडकं चित्र, आणि त्या चित्रातली लाल शालीतली बाई म्हणजे गावची जणू नातेवाईक. म्युझियमच्या कपांवर, पिशव्यांवर, पोस्टकार्डांवर तीच. बाबागाडीतली पोरं तिला हात हलवून टाटा करायची.

गुरुवारी विमा कंपनीने मंजूषा रेगेला पाठवलं. मंजूषा पन्नाशीला आलेली, अॅमस्टरडॅमच्या बुइटनव्हेल्डर्टमध्ये राहणारी. नवऱ्याच्या नोकरीमागे या देशात आली, काही वर्षं घरी बसली, मग कलावस्तूंच्या नुकसानीची तपासणी करायचं काम शिकली आणि आता स्वतंत्रपणे तेच करत होती. ती बसमधून उतरली तेव्हा धुकं इतकं दाट होतं, की कालव्यातलं बदक दिसायच्या आधी त्याचा आवाज ऐकू आला.

संचालिका सास्किया डेकर उंच, नीटनेटकी, झोप न झालेली बाई होती. तिने मंजूषाला सरळ चित्रापुढे नेलं.

“रविवारी संध्याकाळी बंद करताना बाई होती. शेवटच्या पाहुण्यांनी काढलेले फोटो आहेत. सोमवारी म्युझियम बंद असतं. मंगळवारी ती नाही.”

मंजूषाने भिंग काढलं. कॅनव्हासला काप नव्हता. चौकट हललेली नव्हती. बाई जिथे उभी असायची तिथे आता गवत होतं, मऊ, सोनेरी, आणि त्या गवतावर दीडशे वर्षं जुन्या रंगाला पडतात तशा बारीक भेगा होत्या. तिच्यावर कुणी नवा रंग मारलेला नव्हता. ती नुसती उठून गेली होती.

“पुढच्या आठवड्यात हे चित्र अमेरिकेत एका प्रदर्शनाला जायचंय,” सास्किया म्हणाली. “ते लोक येऊन सगळं तपासणार. आणि इतकं साफ काम कोण करू शकतं? ज्याच्या हाताला ते वळण आहे तोच. आमच्याकडे तसं एकच माणूस आहे. मी तिला घरी बसायला सांगितलंय. आज तुमच्यासाठी बोलावलं आहे.”

तिने माडीवरच्या कार्यशाळेचं दार उघडलं. खिडकीपाशी एक तिशीतली मुलगी पाठमोरी उभी होती. मंजूषाचं आडनाव ऐकून ती वळली, आणि सास्कियाला न समजणाऱ्या भाषेत हळूच म्हणाली, “मी तिला हात लावलेला नाही. पण माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.”

२

विशाखा पुण्याची. चित्रसंवर्धनाचं शिक्षण घेऊन चार जुनी देवळं आणि एक संग्रहालय सांभाळून आलेली. नवरा ओमकार हूफडॉर्पला एका आयटी कंपनीत. त्याच्यामागे ती इथे आली, डच शिकली, आणि वर्षभरापूर्वी तिला हे काम मिळालं. नोकरी अजून कायम झाली नव्हती.

“तुम्ही मराठी आहात हे संचालिकेला सांगून टाकते,” मंजूषा म्हणाली. “नंतर कळलं तर तुमच्याच अंगाशी येईल.”

ती बाहेर जाऊन सास्कियाशी बोलून आली. सास्कियाने खांदे उडवले होते. “मला उत्तर हवंय. ते कुठल्या भाषेत सापडतं त्याच्याशी मला काय करायचंय?”

विशाखाने कॉफी केली. टेबलावर बाटल्या ओळीने लावलेल्या होत्या, बांबूच्या काड्या, कापसाचा गठ्ठा, मऊ केसांचे ब्रश.

“संचालकबाईंना काय वाटतं सांगू, मंजूषाताई? मी सोमवारी गुपचूप एखादं द्रावण लावून पाहिलं, बाईचा रंग विरघळला, आणि घाबरून मी उरलेली बाईही पुसून टाकली.”

“आणि तसं झालेलं नाही?”

“द्रावण लावलं असतं तर दालनात दिवसभर वास राहिला असता. मंगळवारी सकाळी रामदीनकाकांना कसलाच वास आला नाही. विचारा त्यांना.”

“सोमवारी तू काय केलंस?” मंजूषा नकळत एकेरीवर आली. विशाखाला ते बरं वाटल्यासारखं दिसलं.

“सोमवारी सकाळी चौकटींवरची धूळ झाडतात. तेवढ्यापुरता चित्रांचा अलार्म बंद असतो. मी बाजूच्या दालनात होते. मग कॉफीला सगळे खाली बसलो. सास्किया, रामदीनकाका, मी आणि व्हिसरबाई.”

“या कोण?”

“योहाना व्हिसर. आमच्या स्वयंसेविका. ऐंशीच्या पुढे आहेत, पण दर सोमवारी धूळ झाडायला येतातच. त्यांचे यजमान वाउटर व्हिसर इथे माझ्या जागेवर होते. ही सगळी चित्रं पन्नासेक वर्षांपूर्वी माळ्यावर काजळी धरून पडली होती. त्यांनी एकट्याने बसून एकेक स्वच्छ केलं. वारले त्याला बरीच वर्षं झाली.”

“कॉफीनंतर?”

“मी इथे वर आले. बाकीच्यांचं मला माहीत नाही.”

ती हे म्हणाली आणि तिने कपातली कॉफी उगाच ढवळली. साखर तिने घातलेलीच नव्हती. मंजूषाने ते पाहिलं. माणसं बहुतेक वेळा भीतीपोटी लपवतात, अपराधापोटी नाही, हे तिला ठाऊक होतं. पण काहीतरी लपलेलं होतं एवढं खरं.

जिना उतरताना सास्किया भेटली.

“तिने तुम्हाला सांगितलं का, सोमवारी कॉफी पिताना ती आम्हाला काय म्हणाली?”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, ती बाई त्या चित्रातली नाहीच.”

३

मंजूषा पुन्हा वर गेली. विशाखा अजून त्याच खुर्चीत होती.

“हे तू मला सांगायला हवं होतंस.”

“सांगितलं असतं तर तुम्हीही तेच समजला असता,” विशाखा म्हणाली. “ज्या बाईबद्दल मी सोमवारी शंका घेतली, ती मंगळवारी सकाळी गायब. दुसरं कुणी काय समजेल?”

“शंका कशावरून आली?”

विशाखाने खणातून एक पोस्टकार्ड काढलं. तळं, डोंगर, देवदार आणि काठावर ती लाल शालीतली बाई.

“तुम्हीच बघा.”

मंजूषाने भिंगातून पाहिलं. बाई वाऱ्याला पाठ देऊन उभी होती, शालीचं टोक मागे उडत होतं, एक हात मानेमागे. चेहरा नव्हताच, एक गव्हाळ ठिपका फक्त. मग मंजूषाची नजर पाण्यावर गेली. प्रत्येक झाड पाण्यात उलटं उतरलेलं होतं. काठावरचा दगड, त्याच्या शेजारचा मोडका बुंधा, दोन्ही पाण्यात होते. बाई पाण्यात नव्हती.

“तिचं प्रतिबिंब नाही,” मंजूषा म्हणाली.

“नाही. ज्या माणसाने काठावरचा धोंडासुद्धा पाण्यात रंगवला, तो ही एवढी लाल शाल विसरेल? मी आदल्या आठवड्यात दुर्बीण लावल्यासारखं भिंगातून पाहत बसले होते. सोमवारी कॉफी पिताना उत्साहाने बोलून गेले. म्हटलं, पुढच्या आठवड्यात जांभळ्या, अतिनील दिव्याखाली धरू, मग कळेलच ती कधी आली.”

“म्हणजे सोमवारी कॉफीच्या टेबलावर बसलेल्या सगळ्यांना कळलं, की त्या बाईचं बिंग फुटणार.”

“हो. पण बिंग कुणाचं, ताई? ती कुणाची काय लागत होती?”

रामदीन खालच्या दालनात खुर्ची टाकून बसला होता. साठी ओलांडलेला, पांढऱ्या मिशीचा माणूस. त्याचे पूर्वज बिहारातून सुरीनामला उसाच्या मळ्यांवर गेलेले, तो स्वतः लहानपणी तिथून इथे आलेला. मंजूषाशी तो जुन्या वळणाच्या हिंदीत बोलत होता, मधेच डचमध्ये घसरत होता.

“वास नव्हता,” तो म्हणाला. “मेणाचा होता, तो रोजचाच.”

“सोमवारी कॉफीनंतर वर कोण गेलं?”

“मी मागच्या अंगणात पानं गोळा करत होतो. संचालकबाई फोनवर होत्या. विशाखा तिच्या खोलीत. व्हिसरबाई चौकटी झाडत होत्या, पण कुठल्या दालनात ते पाहिलं नाही. त्यांचे हात बघितलेत का तुम्ही? कप धरला तर बशी वाजते. त्यांना काय विचारायचं?”

“आणि तुम्ही मला काय सांगत नाही आहात?”

रामदीनने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर धुक्यातून एक सायकल आली, घंटी वाजली, सायकल पुन्हा धुक्यात गेली.

“ती मुलगी माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची आहे,” तो शेवटी म्हणाला. “दिवाळीला माझ्या घरी येऊन गेलीय. मला वाटलं, गप्प बसलं तर तिचं वाचेल.”

तो उठला, आपल्या कपाटाशी गेला आणि कागदी पाकीट घेऊन आला. त्यात कॅफेतला एक पांढरा कागदी रुमाल होता. ओला होऊन वाळलेला, चुरगळलेला. मधोमध लाल रंगाचा डाग होता.

“सोमवारी संध्याकाळी वरच्या दालनातल्या कचऱ्याच्या डब्यात सापडला,” रामदीन म्हणाला. “मला वाटलं कुणाचं बोट कापलं. मंगळवारी पडदे उघडल्यावर कळलं, काय कापलं होतं ते.”

४

मंजूषाने रुमाल हुंगला. कागदाचा वास होता, दुसरा कसलाच नाही.

योहाना व्हिसर मंगळवारपासून घरीच होत्या. सर्दी झालीय, असा निरोप आला होता. घर म्युझियमच्या मागच्या गल्लीत होतं, विटांचं, अरुंद, खिडकीत जिरेनियमची कुंडी. दार उघडणारी म्हातारी सडपातळ होती आणि तिचे डोळे फार निळे होते. सर्दी झाल्यासारखी ती दिसत नव्हती.

चहा ओतताना तिचे हात थरथरले. मंजूषाने किटली आपल्या हाती घेतली.

“चार वर्षांपासून असं आहे,” योहाना म्हणाल्या. “ब्रश धरता येतो अजून. ब्रशला थरथर चालते, धूळ उलट लवकर निघते.”

“तुम्हाला त्या बाईबद्दल काय वाटतं?”

“कुठल्या?”

“लाल शालीतल्या.”

“अच्छा.” त्यांनी हात मानेमागे नेला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. “चित्रकार अशी माणसं घालतात. डोंगर किती मोठा ते कळावं म्हणून. वाउटर म्हणायचा, माणूस नसेल तर डोंगराला आपली उंची कळत नाही.”

“तुमचे यजमान बरीच वर्षं त्या चित्रावर काम करत होते?”

“दोन हिवाळे. मी संध्याकाळी त्याला डबा न्यायचे. काजळीखालून एकेक गोष्ट वर यायची. आधी एक डोंगर, मग त्यामागचा दुसरा. आम्ही इथलीच माणसं, आम्ही डोंगर पाहिलेलाच नव्हता. तो म्हणायचा, थांब, अजून एक येतोय.” त्या हसल्या. “मला वाटायचं, तोच काढतोय ते डोंगर.”

“आणि बाई कधी वर आली?”

योहानांनी खिडकीकडे पाहिलं. उजेड त्यांच्या चेहऱ्यावर दुधासारखा पसरला होता. त्या बोलल्या तेव्हा आवाज दुरून आल्यासारखा होता.

“शेवटी. अगदी शेवटी. त्या दिवशी वारा खूप होता.”

मंजूषाने कप खाली ठेवला.

“कुठे होता वारा, मेव्ह्राउ व्हिसर?”

म्हातारीने मंजूषाकडे पाहिलं, आणि मग चहा गार झाला असावा असं म्हणत कप उचलून मोरीकडे नेला. बशी सबंध वाटभर वाजत राहिली.

मंजूषा गल्लीतून परत निघाली तेव्हा पोस्टकार्ड तिच्या हातातच होतं. पुलावर थांबून तिने ते पुन्हा पाहिलं. तळ्याचं पाणी आरशासारखं होतं. एकही सुरकुती नाही, देवदारांची टोकंसुद्धा पाण्यात अखंड. आणि त्या निश्चल संध्याकाळी, काठावर, एका बाईची शाल जोरात उडत होती.

५

“दिवा लाव,” मंजूषा विशाखाला म्हणाली.

सास्कियाने आधी नकार दिला. विशाखाने चित्राजवळ जाऊ नये असं तिचं म्हणणं होतं. शेवटी असं ठरलं, की दिवा रामदीन धरेल, विशाखा मागे उभी राहून काय दिसतं ते सांगेल, आणि कुणीही कॅनव्हासला हात लावणार नाही. पडदे ओढले. दुपार होती, पण दालनात पाण्याखाली असावा तसा अंधार झाला.

जांभळा उजेड चित्रावर पडला आणि डोंगर नाहीसे झाले. त्यांच्या जागी हिरवट, धुरकट चमक पसरली, जुन्या तळ्यावर शेवाळ पसरावं तशी.

“ही चमक व्हार्निशची,” विशाखा म्हणाली. “व्हार्निश म्हणजे रंगांवरचा पारदर्शक लेप. वाउटर व्हिसरांनी चित्र स्वच्छ केल्यावर शेवटी हा लेप दिला असणार. त्यावर धूळ बसते, प्रकाशाने तो पिकतो, म्हणून असा दिसतो. काका, जरा खाली, काठाकडे.”

दिवा सरकला आणि कुणीतरी श्वास आत घेतल्याचा आवाज आला.

ती तिथे होती. बोटभर उंचीची, कडा थोड्या विस्कटलेल्या, आजूबाजूच्या हिरव्या धुरात एक उजळ आकृती. मानेमागे गेलेला कोपर दिसत होता. उडालेल्या शालीचं टोक दिसत होतं.

“हे काय आहे?” सास्कियाने विचारलं.

विशाखा पुढे झाली, मग आठवून पुन्हा मागे सरली. “तिथला लेप धुळीपासून वाचलाय. कारण त्याच्यावर इतकी वर्षं काहीतरी झाकण होतं.”

“म्हणजे बाई लेपाच्या खाली नव्हती,” मंजूषा म्हणाली.

“नाही. वर होती. आणि खालचा लेप सलग आहे, कुठेही खरवडलेला नाही.” विशाखा क्षणभर थांबली. तिला ते एकदम उमगल्यासारखं झालं. “ताई, मग तिला काढायला द्रावण लागलंच नसणार.”

“काय लागलं असेल?”

“ती पाण्याच्या रंगात असेल तर थुंकीसुद्धा पुरेल. आम्ही खरंच वापरतो. कापसाची काडी जिभेवर ओली करायची आणि फिरवायची. सगळ्यात सौम्य तीच.”

रामदीनने दिवा विझवला. पडदे सारले तेव्हा डोंगर हळूहळू जागेवर परत आले. मंजूषा थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. तिला आता सगळं माहीत होतं, आणि ते सांगावंसं वाटत नव्हतं.

“व्हिसरबाईंना बोलवा,” ती म्हणाली. “तब्येत बरी नसेल तर आपण सगळे त्यांच्याकडे जाऊ.”

पण बोलवायला जावं लागलं नाही. जिन्यावर पावलं वाजली, सावकाश, प्रत्येक पायरीवर थांबत. योहाना व्हिसर कोट घालून दारात उभ्या होत्या.

“मी येणारच होते,” त्या म्हणाल्या. “पण आधी तुम्ही सांगा. मला पाहायचंय, तुम्हाला किती कळलंय.”

६

रामदीनने खुर्ची आणली. योहाना बसल्या, चित्राकडे पाठ करून.

मंजूषा उभी राहूनच बोलली. “सगळे एकच गोष्ट धरून चालले होते. काम साफ आहे, म्हणजे हात तयार असणार. म्हणून संशय विशाखावर गेला आणि ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यावर गेला नाही. पण बाई लेपाच्या वर होती, पाण्याच्या रंगात. ओल्या कागदाने कुणीही पुसली असती तरी ती साफच निघाली असती. ती सफाई पुसणाऱ्याची नव्हती, रंगवणाऱ्याची होती.

“विशाखाने हे केलं असतं तर कागदी रुमालाने केलं नसतं. कागदाने लेपावर चरे पडतात, तिच्या टेबलावर कापसाचा गठ्ठा पडलेला असतो. शिवाय तिने आजूबाजूची धूळही पुसून घेतली असती, मागे आकृती राहू दिली नसती. आणि मुळात तिने हे करावं कशाला? चित्रातली बाई उपरी आहे हे सिद्ध करणं तिच्या फायद्याचं होतं. पुरावा नाहीसा झाला तर नुकसान तिचंच.

“डेकरबाईंना ही बाई हवी होती. म्युझियमच्या प्रत्येक कपावर तीच आहे. रामदीनकाकांनी केलं असतं तर रुमाल जपून ठेवला नसता.

“मग उरतं कोण? ज्याला माहीत होतं, की ती नुसत्या ओल्या कागदाने निघेल. हे चित्राकडे पाहून कळत नाही. ते फक्त तिला रंगवणाऱ्याला ठाऊक असणार, किंवा त्याने ज्याला सांगितलं त्याला.” ती थांबली. “मेव्ह्राउ व्हिसर, थॅचरच्या तळ्यावर वारा नाही. वारा फक्त त्या बाईच्या शालीत आहे. तुम्ही म्हणालात, त्या दिवशी वारा खूप होता. तो इथला वारा होता. तुम्ही त्यात उभ्या होतात.”

खाली कालव्यातून एक होडी गेली, तिच्या इंजिनाचा आवाज भिंतींतून येऊन विरला.

“बांधावर,” योहाना म्हणाल्या. “समुद्राकडच्या बांधावर. माझ्या आईची शाल होती. आमचं लग्न नुकतंच झालं होतं. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर त्याने मला तळ्याकाठी उभं केलेलं. मी घाबरले. तो म्हणाला, लेपाच्या वर आहेस, चित्राला लागलेली नाहीस. कंटाळलीस की सांग, थुंकी लावून बाहेर काढीन. चार दिवस राहू दे म्हणाला. मग उद्घाटन झालं, लोकांनी मलाच पाहिलं, डोंगर कुणी पाहिलेच नाहीत. वर्तमानपत्रात फोटो आला. त्यानंतर त्याला सांगताच आलं नाही. तो मरेपर्यंत त्या गोष्टीला भ्यायचा. म्हणायचा, हे कळलं तर मी हात लावलेल्या प्रत्येक चित्रावर लोक संशय घेतील.”

“आणि सोमवारी विशाखा बोलली.”

“ती जांभळ्या दिव्याचं बोलली. मी वर आले. रुमाल जिभेला लावला. डोळे मिटून घेतले होते मी. स्वतःला पुसताना बघवत नाही.” त्या विशाखाकडे वळल्या. त्यांचे हात मांडीवर थरथरत होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. “मुली, तुझ्यावर येईल हे त्या वेळी मनात आलं नाही. मंगळवारी आलं. तरी मी तीन दिवस घरात बसून राहिले. त्याला वाचवायचं म्हणून मी तुला बुडू देत होते. हे वाईट झालं.”

विशाखाचे डोळे भरले होते, पण ती रागावलेली होती आणि तो राग तिने गिळला नाही. “वाईट झालंच,” ती म्हणाली. “माझ्या आईला मी फोनवर खोटं सांगत होते, की सुट्टी घेतलीय.”

मग ती चित्रापाशी गेली. या खेपेला तिला कुणी अडवलं नाही. ती त्या सोनेरी गवताकडे पाहत राहिली.

“माझ्या अहवालात मला हे सगळं लिहावं लागेल,” ती म्हणाली. “वाउटर व्हिसरांनी चित्रात भर घातली, ते चूकच होतं. पण आणखी एक गोष्ट लिहीन. खालच्या एका भेगेलाही धक्का लागलेला नाही. पन्नास वर्षांनी, थरथरत्या हाताने, डोळे मिटून पुसलं तरी चित्र जसंच्या तसं बाहेर आलं. परतीची वाट इतकी मोकळी ठेवणारा माणूस बाकीच्या चित्रांशी खोटं वागला असेल असं मला वाटत नाही. पण वाटून उपयोग नाही. मी सगळी तपासीन.”

सास्किया खिडकीशी गेली होती. आता ती विशाखापाशी आली आणि तिने हात पुढे केला. “मी आधी विचारायला हवं होतं,” ती म्हणाली. “मी आधी ठरवून टाकलं.”

विशाखाने तो हात लगेच घेतला नाही. मग घेतला.

७

‘संध्याकाळचं तळं’ अमेरिकेला गेलं. बाईशिवाय गेलं, आणि अहवालात तिच्यासह. गावात महिनाभर तोच विषय होता. काहींना फसवल्यासारखं वाटलं. बरेच जण मात्र म्युझियमच्या मागच्या गल्लीतून जाताना जिरेनियमच्या खिडकीकडे पाहून हात हलवू लागले.

विशाखाने उरलेली चित्रं एकेक करून तपासली. तिने योहानांना शेजारी बसवून घेतलं. कुठलं चित्र कधी माळ्यावरून आलं, कुठल्या चित्राला पाण्याचा डाग होता, हे त्यांना आठवत होतं. दोघी बोलत होत्या, पण पहिले काही दिवस जपून. मंजूषा विमा कंपनीचे शेवटचे कागद पुरे करायला आली तेव्हा एकच चित्र राहिलं होतं. तळ्याच्या चित्रासमोरच्या भिंतीवरचं, पाहणाऱ्यांच्या पाठीमागे असल्यामुळे फारसं कुणी न पाहिलेलं. त्यात एक उघडा खडकाळ कडा होता आणि खाली दूरवर पसरलेली दरी.

पडदे ओढले. रामदीनने दिवा धरला. हिरवट चमक सगळीकडे सारखी होती.

“थांबा,” विशाखा म्हणाली. “कड्याच्या टोकाला.”

तिथे एक काळा ठिपका होता, नखाएवढाही नसलेला. व्हार्निशच्या वर. पडदे सारून तिने भिंगातून पाहिलं, आणि मग भिंग योहानांच्या हातात दिलं. त्यांच्या हातात ते हललं, म्हणून विशाखाने त्यांचं मनगट धरलं.

कड्याच्या टोकावर एक माणूस उभा होता. पाठीला किंचित पोक, डोक्यावर टोपी. त्याची टोपी वाऱ्याने उडू नये म्हणून त्याने ती हाताने दाबून धरली होती. तो दरीकडे पाहत नव्हता. तो चित्राच्या बाहेर, समोरच्या भिंतीकडे पाहत होता.

योहानांनी भिंग खाली केलं.

“हे त्याने मला कधीच सांगितलं नाही,” त्या म्हणाल्या. “मी दर सोमवारी त्याच्याकडे पाठ करून तळ्याची चौकट झाडत होते.”

सास्कियाने घसा साफ केला. “नियमाप्रमाणे...” ती म्हणाली आणि थांबली.

विशाखाने कापसाची एक काडी उचलली आणि योहानांसमोर धरली. “तुम्ही म्हणाल तसं. नोंद मी करीनच. काढायचं की नाही, एवढंच ठरवायचंय.”

योहानांनी काडी घेतली नाही. त्यांनी पुन्हा एकदा भिंगातून पाहिलं, अगदी जवळून.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “मी पन्नास वर्षं वाऱ्यात उभी होते. त्यालाही थोडा वेळ एकट्याने उभं राहू दे.”

मग त्यांनी कोट काढून रामदीनकडे दिला, ब्रश मागून घेतला, आणि कड्याच्या चित्राची चौकट झाडायला सुरुवात केली.